अर्थिंग नसलेलं घर

१७ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीत असताना ड्युटी संपली की रिपोर्ट लिहायचे. रिटायर झाल्यापासून पेन हातात धरलं ते बँकेत सही करायला तेवढं. आज लिहायला बसले, कारण घरात बोलायला कोणी नाही, आणि शेजारी जाऊन बोलावं तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या खडकीला कळतं.

हे दवाखान्यात आहेत. नाव लिहायला काय हरकत आहे, वहीत कोण ऐकतंय: ज्ञानदेव. कारखान्यात फिटर होते. बिडी सोडली ती साठीनंतर, पण बिडीनं काही यांना सोडलं नाही. आता फुप्फुसं थकली. डॉक्टर मॅडम आज म्हणाल्या, "सिस्टर, घरी न्या त्यांना. पण ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायला हवं. घरची लाईट भरवशाची आहे ना?"

मी हो म्हणाले. मग रिक्षात बसल्यावर आठवलं, आपल्याकडे गिझर चालू असताना मोटर लावली तर टीव्हीसुद्धा मान टाकतो. मी आयुष्य वॉर्डात काढलंय. अशा पेशंटला तिथे जास्त दिवस ठेवलं की काय होतं ते मला कोणी सांगायला नको. त्यांना लवकरात लवकर घरी आणायचं आहे, बाकी सगळं नंतर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, बंगळुरूहून फोनाफोनी करून एक लायसनवाली इलेक्ट्रिशियन शोधली. चैताली नाव. स्वारगेटच्या बाजूला राहते, वयानं आमच्या प्रियाएवढी, आणि तोंड माझ्याएवढं. म्हणजे आमचं जमणार नाही हे दारातच कळलं.

लोड वाढवून घ्यायचा, नवा बोर्ड बसवायचा, मशीनला वेगळी लाईन, सोबत इन्व्हर्टर. वीज कंपनीला अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर हिची सही. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

जिन्याखालचं कपाट उघडून तिनं जुना बोर्ड पाहिला. फ्यूजचं कटआउट ओढून काढलं आणि आतली तांब्याची तार माझ्यासमोर धरली.

"काकू, फ्यूज कशासाठी असतो?"

"उडायला."

"मग हा का उडत नाही?"

"बाबासाहेबांच्या जयंतीला घराला लाईटच्या माळा लावतो. दरवर्षी उडायचा, म्हणून यांनी जाड तार घातली."

"छान. म्हणजे वॉचमनला झोपायचा पगार दिला."

मग ती मीटर घेऊन घरभर फिरली. न्हाणीघरात मी सवयीनं म्हणाले, "चप्पल घाल गं, गिझर चालू आहे." तिनं विचारलं, का. आता यात विचारण्यासारखं काय आहे. आमच्याकडे गिझर चालू असताना नळाला हात लावायचा तर चप्पल घालून, नाहीतर झणझणतं. भिंतीत ओल आहे ना. पाहुणा आला की चहाआधी हेच सांगतो. प्रिया लहानपणी 'चप्पल घातली' असं ओरडून सांगून मगच नळ सोडायची.

चैताली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "काकू, ओलीनं झणझणत नाही. करंट येतो." आणि सरळ गिझरचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली. जाताना म्हणाली, या घराची वायरिंग आहे तशी असताना मी सही देणार नाही.

मी म्हणाले, "तुला बोर्ड बदलायला बोलावलंय, घराचं पोस्टमॉर्टेम करायला नाही."

"पोस्टमॉर्टेम व्हायला नको म्हणूनच सांगतेय," म्हणाली. आगाऊ कुठली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी परत आली, मी न बोलावता. सोबत समाधान नावाचा तिचा कारागीर. मी चहा दिला, पण साखर कमीच घातली.

तिनं नीट समजावून सांगितलं हे कबूल केलं पाहिजे. जुन्या घरात जुनं काम असणारच, ते सगळं उपटायला ती बसलेली नाही. वरच्या खोलीतली लाकडी पट्टीवरची वायरिंग आजच्या पद्धतीची नाही, पण धड आहे, ती राहू दे म्हणाली. हॉलमधली बटणं जुनाट आहेत, राहू देत. पण ज्यानं जीव जाईल ते सोडून नुसता वरचा डबा नवा करायचा, हे होणार नाही. मी म्हणाले, म्हणजे कॅज्युअल्टीत करतो तसं, आधी कोणाला घ्यायचं ते ठरवायचं. ती म्हणाली, बरोबर तसंच.

आणि जीव जाईल असं काय, तर आमच्या घराला अर्थिंगच नाही.

यांनी स्वतः वायरिंग केली आहे, त्यांच्या मित्राच्या, महिपतीभावजींच्या मदतीनं. प्रत्येक प्लगमागे हिरवी तार आहे, एकही चुकलेली नाही. त्या सगळ्या एकत्र आणून नळाच्या लोखंडी पाइपाला बांधल्या. पाइप जमिनीत जायचा, तेव्हा तसं चालायचं. पुढे प्रियाच्या लग्नाच्या वर्षी आपण पाइप बदलून प्लॅस्टिकचे घातले. प्लंबरला काय माहीत आणि आपल्याला तरी काय. पाइपाचा एक तुकडा भिंतीत राहिला, त्याला हिरव्या तारा तशाच बांधलेल्या, आणि तो तुकडा कुठेच जात नाही. गिझर जुना झाला, त्यातला करंट जमिनीत जायच्या ऐवजी नळात येऊन बसायचा.

"काकांनी केलं ते त्या वेळी बरोबर होतं," चैताली म्हणाली. "घर बदललं, तारा तिथेच राहिल्या."

हे वाक्य ती बोलली म्हणून मी दुसऱ्या चहात साखर बरोबर घातली. पण मनातून रागच आला. इतकी वर्षं आम्ही काय मेलो का?

२२ नोव्हेंबर, शनिवार

यांना सांगायला छातीच होत नव्हती. हाताला सुई, नाकाला नळी, आणि त्यात मी सांगायचं की तुमच्या कामात खोट निघाली. पण आपल्याला काही लपवता येत नाही. सांगून टाकलं.

यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता भडकणार. पण विचारलं, "प्लंबर आला तेव्हा मी कुठे होतो?"

"लग्नाच्या पत्रिका वाटायला नागपूरला."

"हं," म्हणाले. मग धाप लागली, ती बसल्यावर म्हणाले, "त्या मुलीला म्हणावं, खड्डा मागच्या अंगणात कर. पुढे कातळ आहे, पहार लागणार नाही."

एवढंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाला स्वतः केलेल्या भाजीत मीठ कमी आहे म्हटलेलंही खपत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

यांना ताप आला. फार नाही, पण आला. मी ज्याला भीत होते तेच. डॉक्टर म्हणाल्या, अँटिबायोटिक सुरू केलंय, पण घरची सोय लवकर होईल का.

आणि इकडे चैतालीबाईंनी आज नवीनच काढलं. वरच्या खोलीची एक तार दुसऱ्याच लाईनमधून परत येते म्हणे, ती सापडल्याशिवाय तिचं ते नवीन बटण वर टिकणार नाही, सारखं उडेल. करंट जरा कुठे गळायला लागला की क्षणात लाईट घालवणारं बटण. माणसासाठी असतं म्हणाली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

महिपतीभावजी आले होते. म्हणाले, "वहिनी, माझ्या ओळखीत एक जण आहे. घर न बघता सही देतो. परवा मीटर बसेल, ज्ञानदेव रविवारी घरी."

रविवारी घरी. मी काय खोटं लिहू, फोन हातात घेतला होता. नंबर लावायचाच बाकी होता, तेवढ्यात चैताली खिळे-स्क्रू वेचत वेचत बोलली, वर न बघता. "काकू, तुम्ही नर्स होतात ना. घाई आहे म्हणून कोणी म्हणालं असतं तर वापरलेली सुई परत टोचली असती?"

मी फोन ठेवला. एक स्टुडंट नर्स घाईत सलाइन लावत होती तेव्हा तिला अख्ख्या वॉर्डासमोर झापून रडवणारी सिस्टर मीच. ज्या मशीनवर यांचा श्वास चालायचा, त्याच्या तारांना न बघता सही घ्यायची?

भावजींना म्हणाले, नको, राहू द्या. त्यांना जरा लागलं असावं. पण रात्रभर वाटत राहिलं, ताप वाढला तर मी स्वतःला काय तोंड दाखवू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताप उतरला. मी वॉर्डातल्या मावशींना पेढे दिले, त्यांनी विचारलं मुलगा झाला का कोणाला.

वरच्या खोलीची ती तार समाधानला दोन दिवस सापडत नव्हती. शेवटी मी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावून दिला. हे पलंगावर बसलेले, नाकात नळी, आणि समाधान वर शिडीवर. एक वाक्य बोलायचं, मग श्वास, मग पुढचं वाक्य. "खिडकीच्या वर... नाही, डावीकडे... गिलावा ठोकून बघ, पोकळ वाजेल." वाजला. आत जोड निघाला, सुती पट्टी घट्ट गुंडाळलेला.

समाधान वाशीमचा. तिकडून ओरडला, "काका, जोड त असा पक्का हाय का सुटता सुटत नाही."

यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग दिसला. मी फोन हातात धरून उभी होते, हात दुखत होता, पण खाली केला नाही. प्रियाला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली.

२ डिसेंबर, मंगळवार

मागच्या अंगणात खड्डा झाला. तांब्याचा रॉड, मीठ, कोळसा, आणि वर झाकण. सामान तपकीर गल्लीतून आणायला मीच चैतालीबरोबर तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. मंडईपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तिनं सांगितलं, वडील तिच्या लहानपणीच गेले, इलेक्ट्रिशियनच होते. कसे गेले ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. येताना मी मंडईतून तिच्यासाठी मटार घेतले. घरी नेऊन सोलायला वेळ कुठे म्हणाली. मग मीच सोलून डब्यात दिले.

संध्याकाळी नळाला हात लावला, बिनचपलीचा. चैतालीनं लावायला लावला. काही झालं नाही, नळ गार होता, बस. मला उगीच रडू आलं.

६ डिसेंबर, शनिवार

समाधान सकाळीच म्हणाला, "काकू, आज अर्धा दिवस सुट्टी द्या, विहारात जायचं हाय."

"मीही तिथेच निघालेय, चल."

मी पांढरी साडी नेसले, आणि मेणबत्ती घेऊन दोघं चालत गेलो. वंदनेला बसले तेव्हा मनात दुसरं काही येईना. बाबासाहेबांमुळे मी शिकले, नर्स झाले, यांना कारखान्यात नोकरी लागली, स्वतःच्या नावाचं घर झालं. त्या घराची एकेक तार आता कोणीतरी आपुलकीनं तपासतंय. आणखी काय मागायचं. यांना घरी येऊ दे, एवढं मागितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

सही झाली. चैतालीनं सगळं परत मोजलं, दोन्ही मजले, प्रत्येक प्लग. मग पेन काढलं. परीक्षेचा निकाल लागावा तशी मी उभी होते. म्हणाली, "आता हे घर मी माझ्या आईलाही राहायला देईन." तिच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

गिझर मात्र टाकून द्या म्हणाली, आतून कुजलाय. नवा आणेपर्यंत गॅसवर पाणी तापवायचं. मी हो म्हणाले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आले. हे घरी आले.

ॲम्ब्युलन्समधून उतरवताना महिपतीभावजी आणि समाधान दोघांनी खुर्ची धरली. भावजी मनात धरून बसणारे नाहीत, देव माणूस. हॉलमध्ये पलंग, शेजारी मशीन, वेगळ्या लाईनवर. मशीन घरघर करतं, गिरणीसारखं. मला त्या आवाजाइतकं गोड काही लागलं नाही. हे म्हणाले, "एवढा आवाज? मला झोप कशी लागणार?" आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

१५ डिसेंबर, सोमवार

आज डोकं फिरलंय.

थंडी कडाक्याची. यांना अंग पुसायला गरम पाणी हवं, गॅसवर यांची पेज होती. म्हणून माळ्यावरून जुना हीटरचा रॉड काढला, बादलीत सोडला, बटण लावलं. थोड्या वेळानं तापलं का म्हणून बोट घातलं, तर खट् करून सगळ्या घराची लाईट गेली. हाताला ते पूर्वीसारखं झणझणलं, पण त्याचं काय एवढं. मी बोर्डावर जाऊन बटण वर केलं. पाणी अजून कोमटच असेल म्हणून परत बोट घातलं, तर परत खट्.

यांचं मशीन चालू होतं, इन्व्हर्टरवर. पण इन्व्हर्टर टीं टीं करत होता. असं रोज व्हायला लागलं तर? यासाठी का एवढा आटापिटा केला? चैतालीला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला, 'तुमचं बटण फार नाजूक आहे, मला असलं नको.'

मग महिपतीभावजींना बोलावलं. ते पेंचिस, म्हणजे पक्कड, घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटांचं काम. त्या बटणाला बगल देऊन तार सरळ जोडतो, परत कटकट नाही." मी म्हणाले, जोडा. त्यांनी बोर्डाचं झाकण उघडलंसुद्धा.

हॉलमधून यांचा आवाज आला. "कौसल्ये, लाईट गेली तेव्हा तू काय करत होतीस?"

"तुमच्यासाठी पाणी तापवत होते, दुसरं काय."

"कशावर?"

"रॉडवर."

"आणि गेली नेमकी कधी?"

"तापलं का बघितलं तेव्हा. दोन्ही वेळा."

"कशानं बघितलंस?"

"बोटानं. आता पाणी बघायला काय दुर्बीण लावू?"

बाहेर येऊन बघते तर हे नळी ओढत पलंगावरून उठलेले. महिपतीभावजींना म्हणाले, "ते पेंचिस खाली ठेव." असा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. भावजींनी ठेवलं. मग मला म्हणाले, "इकडे ये. चप्पल घातली होतीस?"

"नाही. आता लागत नाही ना."

यांनी माझा हात धरला आणि उलटासुलटा करून बघत बसले. मला काही कळेना. यांची धाप वाढली म्हणून मी रागावले, झोपा आधी म्हणाले. झोपेनात. हात सोडेनात.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल लिहिलेलं आज वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. वॉर्डात कोणी असं वागलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं.

चैताली सकाळी सातलाच दारात. रॉड तपासला. चीर गेलेली, आतला करंट थेट पाण्यात. प्लॅस्टिकची बादली, ओली फरशी, अनवाणी मी. करंटला जायला दुसरी वाटच नव्हती, माझ्यातूनच जमिनीत जाणार. ते बटण खट् वाजलं ते माझ्यासाठी, दोन वेळा. मी त्याला नाजूक म्हणाले.

"जुना बोर्ड असता तर?" मी विचारलं.

"जुनं कटआउट तार जळू नये म्हणून असतं, काकू. माणसासाठी ते उडत नाही. बारीक तार असती तरी उडालं नसतं."

मेसेज वाचून राग आला का म्हणून मी विचारलं. म्हणाली, "नाही. मेसेज आला म्हणजे तुम्ही आहात, एवढंच वाटलं." आणि तोंड फिरवून रॉडची वायर कापायला लागली. मी तिला जवळ घेतलं. आधी ताठ उभी राहिली, मग नाही राहिली. माफ कर म्हणाले, आणि थँक्यू म्हणाले, मोठ्यानं, दोन्ही. महिपतीभावजी दारातून ऐकत होते. त्यांनी कानाला हात लावले आणि जाताना तिला विचारलं, माझ्याही घरी येशील का बघायला.

दुपारी हे आणि मी दोघंच. मी पेज भरवत होते. म्हणाले, "मी आजारी पडलो नसतो तर हा बोर्ड बदलला असता?"

"कशाला बदलला असता. तुमचं काम, हात लावायची कोणाची टाप होती."

"थंडी पडली असती. गिझर दमला असता. तू रॉड काढला असतास."

मी चमचा खाली ठेवला. माझ्या आत्ता ध्यानात आलं हे काय मोजत होते कालपासून.

"म्हणजे तुमच्या आजारानं मला वाचवलं," मी म्हणाले.

यांनी एक श्वास घेतला, पुरेसा, आणि म्हणाले, "चला. एवढं खोकलो ते वाया नाही गेलं."

मी हसले, रडले, काय केलं ते मलाच माहीत नाही. पेज गार झाली. परत गरम करून आणली, गॅसवर.